दीड बोट

"तोंड उघडा," म्हटलं, तर बद्रीलालजी हसले,
आणि हसू जिथं अडलं तिथंच तोंडही.
माझी तर्जनी आत गेली. मधलं बोट बाहेरच,
आमंत्रण देऊन दारात ताटकळवलेल्या पाहुण्यासारखं.
दीड बोट.
कागदावर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या.

इंदूरच्या छावणी मंडीत तीस वर्षं बोली पुकारली या माणसानं,
गव्हाच्या ढिगाशी उभं राहून,
"तेवीस सौ दस, तेवीस सौ बीस, बोलो भिया!"
आणि दर दोन ढिगांमध्ये एक पुडी.
गालाची आतली बाजू आता पांढरी, ताठ,
उन्हात विसरलेल्या चामड्यासारखी.
कधीपासून? त्यांना आठवत नाही.
कंचनबाईंना आठवतं.
तीन वर्षांपूर्वी जिलबी तोडून द्यायला लागल्या,
मग पोहे कुस्करून, आता खिचडीही पातळ.
त्यांनी आमच्याआधी मोजलं होतं, घासाघासानं.
कुणी विचारलं नव्हतं.

मान मागे टाका.
खालच्या दातांनी वरचा ओठ चावा.
नाही जमत? असू दे.
लोकांना वाटतं, भूल देणं म्हणजे झोपवणं.
झोपवणं एका सुईचं काम.
झोपलेल्याचा श्वास कुठून न्यायचा
हे तो जागा असताना ठरवायचं असतं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. शिकले एका रात्री.
रतलामहून आलेली बाई, हनुवटी आखूड,
मी घाईत, पदर बाजूला करून पाहिलंही नाही.
औषध गेलं आणि पुढं काही दिसेना.
जीभ. फक्त जीभ.
मास्कमधून दाबलेली हवा परत माझ्याच हाताशी.
आणि यंत्राचा तो टिट् टिट् सूर
खाली, आणखी खाली,
गाणं न कळणाऱ्यालाही कळतो तो उतार.
मुळ्ये मॅडमनी गळ्याला छेद दिला.
बाई वाचली. दिवाळीनंतर तिनं लोणच्याची बरणी पाठवली.
मी ती अजून उघडलेली नाही.

म्हणून बद्रीलालजींना आधी झोपवलं नाही.
नाकात थेंब, घशात फवारा.
"कडू लागेल."
"सुपारी से तो कम," ते म्हणाले.
डॉक्टर अन्सारी गळ्यावर शाईची खूण करून
हातमोजे घालून उभे,
आपली गरज पडू नये म्हणून.

बोरूएवढी काळी नळी, टोकाला दिवा.
पडद्यावर गुलाबी बोळ, वळण, लाळेचा बुडबुडा.
वाट चुकले. मागं आले. थांबले.
"लांब श्वास घ्या, बाबूजी."
आणि उघडल्या
दोन पांढऱ्या कडा, ओल्या, राहुटीच्या दारासारख्या.
एवढ्याशा! करंगळीच्या पेराएवढ्या,
आणि अख्ख्या मंडीचा गहू यांच्यावर विकला गेला.
त्या मिटायच्या आत, त्यांच्याच श्वासासोबत, आत.
विहिरीसारख्या कड्या, कडीखाली कडी,
तळाशी दोन वाटा.
ते खोकले, माझं मनगट आवळलं.
नळी सरकली.
पडद्यावर लाट उठली, मग दुसरी,
तिसरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.
मग ते दुधासारखं औषध. मग झोप.

पित्ताशय निघालं, त्यातून अकरा खडे.
डोळे उघडून, मान उचलून धरल्यावरच नळी काढली.
पहिला शब्द घोगरा: "कित्ते में गया?"
कंचनबाईंना वाटलं, बिल विचारतायत.

जाताना एक कागद दिला.
तोंड किती उघडतं, नळी कशी घातली, सगळं लिहून.
"पुढं कुठंही ऑपरेशन असलं, आधी हा दाखवा.
मी नसेन तिथं."
त्यांनी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला,
पुड्यांच्या खिशात.
तिथं अजून एक होती.
ती त्यांनी काढली नाही.
कंचनबाईंनी काढली.